कच्चा म्हणजे नेमकं काय? इंग्रजी विशेषणं शिकताना

स्पोकन इंग्लिशच्या कुठल्याही पुस्तकात एक पान हमखास असतं : 'नेहमीची शंभर विशेषणे'. डावीकडे इंग्रजी शब्द, मध्ये उच्चार, उजवीकडे एक मराठी अर्थ. बिग म्हणजे मोठा. ओल्ड म्हणजे जुना. थिन म्हणजे पातळ. पान पाठ होतं, चाचणीत मार्कही मिळतात. मग वर्गात कुणीतरी सांगतं की सरांचे आजोबा 'थिन' आहेत, आणि मागच्या बाकावर प्रश्न पडतो की आजोबा वरणासारखे पातळ कसे असतील!

आपल्या वाङ्मय मंडळातल्या प्रथम वर्षाच्या काही जणांनी मला अशीच एक यादी अर्थासह मागितली होती. यादी मी देत नाही, कारण ती बाजारात दहा रुपयांत मिळते. त्याऐवजी अशा याद्या पाठ करूनही विशेषणं आपल्याला का दगा देतात, यावर लिहिते. आपल्या पत्रिकेची लिपी देवनागरी आहे, म्हणून इंग्रजी शब्दही देवनागरीतच येतील. स्पेलिंग तुम्ही डिक्शनरीत बघा. तेवढीच सवय होईल.

मी सौंसरची. नागपूर-छिंदवाडा रस्त्यावरचं गाव, आजूबाजूला संत्र्याचे बगीचे आणि कापूस. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्ह्याबरोबर आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ मध्ये पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला, पण भाषेचं गणित तेच. घरी मराठी, तीही वऱ्हाडी वळणाची, शाळेत हिंदी, आणि इंग्रजी आली ती हिंदी गाईडच्या मार्फत. म्हणजे एका विशेषणाला आमच्याकडे दोन नाके ओलांडून यावं लागतं.

पहिल्या नाक्यावरचा गोंधळ आधी सांगते. हिंदी गाईडमध्ये लिहिलेलं असतं : हेल्दी म्हणजे स्वस्थ. मराठी घरातलं पोर 'स्वस्थ' हा शब्द कधी ऐकतं? आई ओरडते तेव्हा, 'स्वस्थ बस जरा!' म्हणजे हेल्दी चाइल्ड म्हणजे गप्प बसणारं मूल, असा त्याचा सरळ हिशेब. आपल्याला तिथे 'निरोगी' किंवा 'धडधाकट' पाहिजे. 'चालाक' हिंदीत जरा लबाड माणसाकडे झुकतो. मराठीतला 'चलाख' हे मात्र बरंचसं कौतुक असतं. इंग्रजीत या दोघांसाठी दोन वेगळे शब्द आहेत, कनिंग आणि स्मार्ट, आणि ते उलटे पडले तर समोरचा माणूस दुखावतो. 'यशस्वी' तसंच : मराठीत सक्सेसफुल, हिंदीत कीर्तिमान. आणि 'बरा' आणि 'बुरा' यांच्यात तर एका उकाराचा फरक! आमच्याकडे पाहुण्याने 'कैसे हो' विचारल्यावर आजीने 'बरी आहे' म्हटलं आणि पाहुणे चिंतेत पडले, हा विनोद प्रत्येक घरात सांगतात. घडला कुणाकडे, ते माहीत नाही.

आता खरा मुद्दा. विशेषण एकटं राहत नाही, ते नामाला धरून राहतं. अर्थ अर्धा त्याचा, अर्धा नामाचा. यासाठी सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे आपला 'कच्चा'.

यादीत कच्चा म्हणजे रॉ. ठीक. कच्चा कांदा रॉ, कच्चा माल रॉ मटेरियल. पण कच्चं संत्रं? त्याला अनराइप म्हणतात, बोलताना ग्रीनही म्हणतात. कच्चं तेल क्रूड. कच्ची वही रफ, कच्चा मसुदाही रफ. कच्चा रस्ता अनपेव्ह्ड किंवा नुसता डर्ट रोड. कच्चं घर म्हणजे मातीचं, मड हाऊस. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे तो, अंडरट्रायल. त्याला रॉ म्हटलं तर अनर्थ होईल. हिंदीत 'कान का कच्चा' म्हणतात, तो मराठीत 'हलक्या कानाचा', इंग्रजीत गलिबल. आणि गणितात कच्चा असलेला मुलगा वीक इन मॅथ्स. या शेवटच्या उदाहरणाकडे मी परत येणार आहे.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये आला, दुसरी आवृत्ती १८५७ ची. आता तो इंटरनेटवर फुकट बघता येतो. त्यात 'कच्चा' काढून बघा. त्या साहेबालाही एका शब्दात भागवता आलेलं नाही. मला हा कोश एवढ्यासाठीच आवडतो : तो मराठी शब्दासमोर इंग्रजी शब्द नुसता ठेवून मोकळा होत नाही, तो शब्द कुठे-कुठे फिरतो ते सांगतो. आपल्या दहा रुपयांच्या यादीने नेमकं तेच गाळलं.

'पक्का'ही असाच फिरस्ता. पक्का रस्ता पेव्ह्ड, पक्कं तिकीट कन्फर्म्ड, पक्का मित्र क्लोज. कापडाचा रंग पक्का असेल तर इंग्रजीत त्याला फास्ट कलर म्हणतात. इथे फास्टचा वेगाशी संबंध नाही, घट्ट धरून बसलेला हा त्याचा जुना अर्थ आहे. गाढ झोपलेल्यालाही फास्ट असलीप म्हणतात ते त्यामुळेच. इंग्रज इथे आले आणि 'पक्का' घेऊन गेले. त्यांच्या डिक्शनरीत पुक्का आजही आहे, अर्थ अस्सल, उत्तम. गंमत त्याच्याही मागे आहे. पक्का आला संस्कृत 'पक्व' वरून, शिजलेला किंवा पिकलेला. त्याच मूळ धातूची लॅटिनमधली भावंडं इंग्रजीत पोचली आणि त्यातलं एक विशेषण म्हणजे प्रिकोशस. वयाआधी मोठ्यांसारखं बोलणाऱ्या मुलाला हे विशेषण लावतात. मूळ अर्थ वेळेआधी पिकलेला. आपण अशा पोराला 'आगाऊ' म्हणतो आणि एक चापट देतो.

तिसरा शब्द 'कडक'. कडक चहा स्ट्राँग, कडक सर स्ट्रिक्ट, कडक कॉलर स्टिफ, कडक शिक्षा सिव्हिअर, मे महिन्यातलं सौंसरचं कडक ऊन स्कॉर्चिंग, आणि दोन दिवसांची कडक भाकर हार्ड. सर स्ट्राँग असू शकतात, पण ते वेगळं झालं! म्हणून माझं सांगणं असं की वहीत विशेषण एकटं लिहूच नका. स्ट्राँग टी, स्टिफ कॉलर अशी जोडी लिहा. वीस जोड्या शंभर सुट्या शब्दांपेक्षा जास्त काम देतात.

उलट बाजूनेही हेच होतं. इंग्रजीचा एक शब्द आपल्याकडे येऊन फुटतो. हॉट म्हणजे गरम आणि हॉट म्हणजे तिखटही. सावजीच्या रश्शासमोर बसलेल्या परदेशी पाहुण्याने हॉट म्हटलं तर फुंकर मारायची की साखर द्यायची, ते त्याच्या डोळ्यांकडे बघून ठरवावं लागेल. थिन म्हणजे वरण पातळ, माणूस सडपातळ, दोरा बारीक. ओल्ड म्हणजे घर जुनं, बाई म्हातारी. टॉल आणि हाय या दोघांना आपण 'उंच' म्हणतो. पण माणूस, झाड, मनोरा टॉल. डोंगर, भिंत, किंमत हाय. विरुद्धार्थी शब्दसुद्धा नामावर ठरतो. लाइटचा उलटा काय? ओझं असेल तर हेवी, रंग असेल तर डार्क. हार्डचा उलटा उशीला सॉफ्ट, पेपरला ईझी. परीक्षेत 'विरुद्धार्थी शब्द लिहा' या प्रश्नाखाली सुटं विशेषण देतात, हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो.

चवीत मात्र मराठी श्रीमंत आहे. तुरट याला इंग्रजीत अस्ट्रिंजंट म्हणतात, पण हा शब्द डॉक्टर आणि क्रीमच्या डब्या वापरतात. आवळा खाऊन कुणी तो उच्चारत नाही. झणझणीत आणि चमचमीत यांना तर मी प्रतिशब्द शोधायचं सोडून दिलं आहे.

आता संत्रं. सौंसरच्या मुलीने विशेषणांवर लिहावं आणि ऑरेंज सोडावं, हे शक्य नाही.

ऑरेंज हे फळाचंही नाव आणि रंगाचंही. आधी काय आलं? फळ. संस्कृतमध्ये 'नारंग', बहुधा दक्षिणेतल्या द्राविडी भाषांमधून आलेला. तिथून फारसीत नारंग, अरबीत नारंज, स्पॅनिशमध्ये नारांहा. फ्रान्स-इटलीकडे जाता जाता सुरुवातीचा 'न' गळाला आणि ऑरेंज उरलं. इंग्रजीत फळाचं नाव चौदाव्या शतकाच्या सुमारास दिसतं. रंग म्हणून हा शब्द सोळाव्या शतकात वापरात येतो. त्याआधी इंग्रज या रंगाला पिवळा-लाल असं काहीतरी म्हणून वेळ मारून नेत. रॉबिन पक्ष्याची छाती चांगली नारिंगी असते, पण त्याचं जुनं नाव रेडब्रेस्ट, लाल छातीचा. कारण नाव पडलं तेव्हा ऑरेंज हा शब्दच हाताशी नव्हता. बर्लिन आणि के या दोन अभ्यासकांनी १९६९ मध्ये जगातल्या भाषांमधल्या मूळ रंगनामांवर पुस्तक लिहिलं. त्यांच्या क्रमातही ऑरेंज उशिराच्या गटात येतो. काळा, पांढरा, लाल आधी.

मराठीत 'नारिंगी' त्याच नारंगावरून. म्हणजे आपण ऑरेंज कलर म्हणतो तेव्हा आपलीच वस्तू युरोप फिरवून परत आणतो. मराठीला वस्तूवरून रंग काढायची सवयच आहे : डाळिंबी, आमसुली, मोरपंखी, शेंदरी, राखाडी. ब्राऊनला आपण तपकिरी म्हणतो ते तपकिरीवरून, नाकात ओढायच्या. आज तपकीर ओढणारा कुणी दिसत नाही, तरी रंग उरला.

आणखी एक. आपलं संत्रं वनस्पतिशास्त्रात मँडरिन गटातलं, सैल सालीचं, लूज-स्किन्ड. इंग्रजी चित्रांच्या पुस्तकातलं ऑरेंज घट्ट सालीचं, आपल्या मोसंबीचं भावंड. तिकडे आपल्यासारख्या फळाला टँजरीन म्हणतात, आणि टँजरीन हे मुळात विशेषणच : मोरोक्कोतल्या टँजिअर शहराचं. जसं आपलं 'नागपुरी'. सौंसर-पांढुर्ण्याचा माल नागपूरच्या बाजारात गेला की तोही नागपुरी होतो, विशेषण फुकट मिळतं. आणि ग्रीनबद्दल जपून. आंबिया बहाराचं फळ वरून हिरवट असूनही आतून तयार असू शकतं. तेव्हा ग्रीन म्हणजे नेहमी अनराइप नव्हे, हे बगीच्यातला माणूस इंग्रजीच्या पुस्तकापेक्षा चांगलं सांगेल.

मृग बहाराचं संत्रं जास्त गोड, असं आमच्याकडे म्हणतात. स्वीट, स्वीटर, स्वीटेस्ट. इथे थांबा आणि 'स्वादिष्ट' हा शब्द मोठ्याने म्हणा. मग स्वीटेस्ट म्हणा. हे दोन शब्द नुसते सारखे वाटत नाहीत, ते मुळात एकच आहेत. संस्कृतमध्ये स्वादु म्हणजे गोड आणि स्वादिष्ठ म्हणजे सगळ्यात गोड. तो 'इष्ठ' आणि इंग्रजीचा 'एस्ट' हे एकाच आजोबांचे नातू. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, वरिष्ठ यांच्या शेवटी तोच बसला आहे. फक्त मराठीला त्याचा विसर पडला, म्हणून आपण 'सर्वात ज्येष्ठ', 'सर्वश्रेष्ठ' म्हणतो. 'मोस्ट स्वीटेस्ट' लिहिणाऱ्या पोराला लाल शाईची रेघ मिळते. 'सर्वात ज्येष्ठ नेते' छापणाऱ्या वर्तमानपत्राला कुणी काही म्हणत नाही.

या नात्याचं श्रेय विल्यम जोन्सला देतात, त्याच्या कलकत्त्यातल्या १७८६ च्या भाषणासाठी. पण त्याच्या दोनशे वर्षं आधी एका इंग्रजाच्या हे कानावर पडलं होतं, आणि तो आपल्या ओळखीचा आहे : फादर थॉमस स्टीफन्स. १५७९ मध्ये तो येशूसंघी म्हणून गोव्यात आला. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने इथल्या भाषांची घडण ग्रीक आणि लॅटिनशी मिळतीजुळती असल्याचं नोंदवलं. पुढे त्याने मराठीत 'क्रिस्तपुराण' रचलं, ते १६१६ मध्ये छापलं गेलं. त्याचं कोंकणीचं व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये आलं. चर्चमध्ये त्याचं नाव पुराणासाठी घेतात, ते योग्यच. मला मात्र तो विद्यार्थी म्हणून जास्त जवळचा वाटतो. आपण जी वाट इकडून तिकडे तुडवतो, ती त्याने तिकडून इकडे तुडवली. इंग्रजी विशेषण कुणासाठीच बदलत नाही : गुड बॉय, गुड गर्ल, गुड बॉइज. त्या माणसाला चांगला, चांगली, चांगलें, चांगले, चांगल्या हे सगळं शिकावं लागलं असेल. आपल्या वाट्याला त्या मानाने सोपं काम आलं आहे.

सोपं असलं तरी दोन ठिकाणी मराठी सवय नडते. एक, आपलं विशेषण नामाची खुर्ची सहज बळकावतं. 'एक आंधळा रस्त्याने चालला होता', 'दोन शहाणे भांडत होते'. इंग्रजीत अ ब्लाइंड म्हणून वाक्य पुरं होत नाही, अ ब्लाइंड मॅन म्हणावं लागतं. द ब्लाइंड, द पुअर म्हणता येतं, पण तेव्हा तो सगळा वर्ग होतो, एक माणूस नाही. दुसरं, प्रसिद्ध 'आय ॲम बोरिंग'. या चुकीवर सगळे हसतात. मला तिचं नवल वाटतं, कारण हा फरक मराठीत आधीच आहे. कंटाळलेला आणि कंटाळवाणा. दमलेला आणि दमवणारा. जो भोगतो तो 'लेला', त्याचा इंग्रजी जोडीदार एड : बोअर्ड, टायर्ड. जो दुसऱ्याला भोगायला लावतो तो 'वाणा' किंवा 'णारा', त्याचा जोडीदार इंग : बोरिंग, टायरिंग. विद्यार्थी कंटाळलेले, तास कंटाळवाणा. पुढच्या वेळी अडलात तर आधी मराठीत ठरवा, इंग्रजी आपोआप सरळ होईल.

आता तो राहिलेला 'वीक'.

रविवारी मिस्सानंतर मी पाच-सहा मुलांना इंग्रजी शिकवते. त्यातल्या एका सहावीतल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर इंग्रजीत शेरा होता, वीक इन इंग्लिश. त्याने त्याचा अर्थ गाईडमध्ये बघितला होता : कमजोर, अशक्त. मला म्हणाला, 'ताई, मी अशक्त नाही ना, मी तर विहिरीत पोहतो.' हसण्यासारखं आहे, पण पोराने नेमका काटा पकडला.

बघा, मराठीत आपण स्वतःबद्दल काय म्हणतो? मला भूक लागली. मला राग आला. मला थंडी वाजते. आमच्याकडे 'मले झोप येते'. भूक, राग, झोप ही नामं आहेत. ती बाहेरून येतात, लागतात, वाजतात आणि निघून जातात. इंग्रजी तिथे विशेषण वापरते : आय ॲम हंग्री, आय ॲम अँग्री, आय ॲम कोल्ड, आय ॲम स्लीपी. माणूसच भुकेला, माणूसच रागावलेला. म्हणून 'टू मी हंगर केम' असलं काही जुळवत बसू नका. भावना आणि शरीराची अवस्था आली की आय ॲम म्हणून पुढे विशेषण ठेवा. परीक्षेसाठी हा नियम सोन्यासारखा आहे.

पण याच नियमाने 'मला इंग्रजी येत नाही' याचं 'आय ॲम वीक इन इंग्लिश' होतं. मराठी वाक्यात इंग्रजी अजून यायची आहे, बस जशी यायची असते. इंग्रजी वाक्यात मुलगाच वीक झाला. आपला 'कच्चा' निदान फळाचा शब्द आहे. कच्चं आहे म्हणजे पिकायचं आहे, असं त्यात धरलेलं असतं. वीकमध्ये ते नाही. मी शिक्षक असते तर शेऱ्यात विशेषण लिहिलंच नसतं, क्रियापद लिहिलं असतं : स्पेलिंग चुकतं, वाचन चांगलं करतो. त्या मुलाला मी एवढंच सांगितलं की वीकच्या पुढे इन इंग्लिश आहे का ते बघ. विहिरीत पोहण्याबद्दल त्यांनी काही लिहिलेलं नाही. त्याचं समाधान झालं. माझं पूर्ण झालेलं नाही.

माणसांवर चिकटणारी विशेषणं एवढीच नाहीत. मुलींनी लग्नाच्या बायोडाटावरची इंग्रजी जरूर वाचावी. होमली हा शब्द आपल्याकडे घर सांभाळणारी, घरगुती वळणाची या अर्थाने छापतात. ब्रिटनमध्ये होमली म्हणजे साधं आणि उबदार, खोली किंवा जेवण तसं असतं. अमेरिकेत होमली म्हणजे दिसायला यथातथा! तिकडच्या स्थळाला हा कागद पाठवला तर मुलीचे आईबाप स्वतःच काय लिहून देत आहेत, ते बघा. व्हीटिश तर शुद्ध भारतीय, आपल्या 'गव्हाळ'चं भाषांतर. आणि फेअर. या शब्दाचे दोन अर्थ, गोरा आणि न्याय्य. एकाच कागदावर फेअर गर्ल मागणाऱ्यांना दुसरा अर्थ माहीत असावा, एवढीच अपेक्षा. आमच्या घरी माझा बायोडाटा अजून निघालेला नाही. निघाला तर विशेषणं मी लिहीन असं मी आईला सांगून ठेवलं आहे.

नोकरीच्या अर्जावर तसाच ढीग असतो : हार्डवर्किंग, सिन्सिअर, पंक्च्युअल. तिन्ही चांगले शब्द, पण शंभर अर्जांत शंभर वेळा आले की वाचणाऱ्याला ते दिसत नाहीत. 'दोन वर्षं रोज सकाळी सहाच्या बसने कॉलेजला आले' या वाक्यात एकही गुणवाचक विशेषण नाही आणि पंक्च्युअल त्यात पूर्ण आहे.

एक छोटी गोष्ट क्रमाबद्दल. इंग्रजीत दोन-तीन विशेषणं लागोपाठ आली तर साधारण मत आधी, मग आकार, वय, रंग, गाव, शेवटी कशाचं बनलं ते. अ नाइस लिटल ओल्ड ब्राऊन वुडन बॉक्स. मराठीत आपण 'लाकडी जुनी छोटी पेटी' म्हटलं तरी चालून जातं, इंग्रजीत कान खटकतो. तीनपेक्षा जास्त विशेषणं रोजच्या बोलण्यात कुणी लावत नाही, त्यामुळे यावर फार वेळ घालवू नका.

सरावासाठी काही वाक्यं देते, इंग्रजी करून मंडळाच्या ग्रुपवर टाका. माझा भाऊ गणितात कच्चा आहे पण पोहण्यात पक्का आहे. काकू कडक आहेत, त्यांचा चहा मात्र पातळ असतो. मला कंटाळा आला आहे कारण नाटक कंटाळवाणं आहे. आमची गाय गरीब आहे, आम्ही गरीब नाही. ही संत्री हिरवी आहेत, कच्ची नाहीत. दुसऱ्या वाक्यातल्या चहासाठी थिन लिहिलंत तर तो चुकेल. वीक लिहा, चहाला तो शब्द चालतो.